टाकीतला सेंटिमीटर आणि अडीच व्होल्टचं माप

पावसाळा लागला की मुंबईच्या वर्तमानपत्रांत तलावांच्या पातळ्यांचा तक्ता रोज छापून येतो. त्यातले तानसा आणि भातसा हे शहापूर तालुक्यातले. तानसा १२८.६३ मीटरला भरून वाहू लागतो, भातसाची पूर्ण पातळी १४२.०७ मीटर. दशांश चिन्हापुढे दोन अंक, म्हणजे हिशेब सेंटिमीटरपर्यंतचा. शहराला जाणारं पाणी इतकं मोजून घेतलं जातं, आणि त्याच शहापुरात, शेजारच्या मुरबाडात, एप्रिल-मे उजाडला की कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. तिथल्या टाकीचं पाणीही तितक्याच काटेकोरपणे मोजलं जावं, असं मला मनापासून वाटतं.

गावच्या टाकीत एका सेंटिमीटरला किंमत किती, ते आधी पाहू. एक लाख लिटरची टाकी, आत तीन मीटर पाणी. तिच्यात एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ३३३ लिटर. जलजीवन मिशनचा निकष माणशी दिवसाला ५५ लिटरचा आहे, म्हणजे हे सहा माणसांचं दिवसभराचं पाणी झालं. मापनात दहा सेंटिमीटरची चूक झाली तर साठ माणसांचं पाणी कागदावर आहे आणि टाकीत नाही, किंवा टाकीत आहे आणि कागदावर नाही.

आता पातळी मोजून मोबाइलवर दाखवणारी छोटी यंत्रणा बसवणं अवघड राहिलेलं नाही. टाकीच्या तळाशी पाण्याच्या दाबावर चालणारा लेव्हल ट्रान्समीटर सोडायचा, त्याची दोन तारांची केबल खाली पंपघरापर्यंत आणायची, तिथे एका पेटीत मायक्रोकंट्रोलर आणि मोडेम. मधला महत्त्वाचा दुवा म्हणजे अ‍ॅनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर, ज्याला सगळे एडीसी म्हणतात. विकत घेणारा पहिला प्रश्न विचारतो तो ‘किती बिटचा?’ हा. माझ्या मते हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न एडीसी कशाशी तुलना करून मोजतो हा, आणि दुसरा त्याच्या दारातून आत काय-काय शिरतं हा. हे दोन नीट सोडवले तर साधा एडीसीही पुरतो.

एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत तेच वापरू. ट्रान्समीटर शून्य ते पाच मीटरचा, ४ ते २० मिलिअँपिअर देणारा. रिकाम्या टाकीला ४, पाच मीटर पाण्याला २०. शून्याऐवजी चारपासून सुरुवात करण्यात मोठा शहाणपणा आहे, कारण केबल तुटली की प्रवाह शून्य होतो आणि ‘टाकी रिकामी’ व ‘तार तुटली’ या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता येतात. शिवाय प्रवाह लांब तारेतही कमी होत नाही. टाकी डोंगराच्या सोंडेवर आणि पंपघर खाली ओढ्याकाठी, हे शहापूर-मुरबाडचं नेहमीचं चित्र आहे आणि तिथे ही गोष्ट फार उपयोगाची. पेटीत आल्यावर हा प्रवाह १२० ओहमच्या रेझिस्टरमधून जाऊ द्यायचा. ४ मिलिअँपिअरला ०.४८ व्होल्ट मिळतात, २० ला २.४ व्होल्ट. तीन मीटर भरलेल्या टाकीला प्रवाह १३.६ मिलिअँपिअर आणि व्होल्टेज १.६३२. एका सेंटिमीटरला ३.८४ मिलिव्होल्ट. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, पुढची प्रत्येक चूक आपण त्यानेच मोजणार आहोत.

एडीसी आत काय करतो? मायक्रोकंट्रोलरमधले बहुतेक एडीसी तराजूसारखे चालतात. एका पारड्यात आपलं १.६३२ व्होल्ट, दुसऱ्या पारड्यात वजनं, आणि प्रत्येक वजन आधीच्याच्या निम्मं. संदर्भ व्होल्टेज २.५ असेल तर पहिलं वजन १.२५ चं. ते मावतं, म्हणून ठेवलं, उरले ०.३८२. दुसरं ०.६२५ चं, जास्त होतं, काढलं. तिसरं ०.३१२५ चं, मावलं, उरले ०.०६९५. पुढची दोन जड पडतात, सहावं ०.०३९ चं पुन्हा मावतं. अशी बारा वजनं करून झाली की २६७३ हा आकडा हाती येतो. ४०९६ पैकी २६७३, गुणिले अडीच व्होल्ट. बारा बिटच्या एडीसीचं शेवटचं वजन ०.६१ मिलिव्होल्टचं, म्हणजे आपल्या टाकीत जेमतेम दीड मिलिमीटरचं. दहा बिटचा असता तरी साडेसहा मिलिमीटर. बिट कमी पडत नाहीत, हे इथेच दिसतं.

ही सगळी वजनं एकाच मूळ मापातून पाडलेली आहेत. ते माप म्हणजे व्होल्टेज रेफरन्स. मूळ माप खोटं असेल तर बाराच्या बारा वजनं त्याच प्रमाणात खोटी आणि बिट वाढवून काही उपयोग नाही, कारण चुकीचा आकडा फक्त अधिक दशांशांसह मिळेल. समजा रेफरन्स २.५ ऐवजी २.४५ झाला, दोनच टक्के कमी. त्याच १.६३२ व्होल्टला आता २७२८ आकडा येतो, आणि तीन मीटरची टाकी सुमारे साडेआठ सेंटिमीटर जास्त भरलेली दिसते. अठ्ठावीसशे लिटर पाणी, पन्नासेक माणसांचा वाटा, हवेतून तयार झाला.

आणि दोन टक्के ही काही अतिशयोक्ती नाही. स्वस्त बोर्डांवर बरेचदा पाच किंवा ३.३ व्होल्टचा पुरवठाच रेफरन्स म्हणून वापरलेला असतो. यूएसबी चार्जरचा पाच व्होल्ट ४.७५ ते ५.२५ मध्ये कुठेही असू शकतो. अर्डुइनो उनोवरच्या एटीमेगा३२८ चा अंतर्गत रेफरन्स म्हणायला १.१ व्होल्टचा, पण उत्पादकाच्या माहितीपत्रकातच त्याची मर्यादा १.० ते १.२ दिली आहे. ईएसपी३२ चीही तीच कथा, चिपागणिक १.० ते १.२. एका चिपवर जुळवलेला कार्यक्रम दुसऱ्या गावच्या चिपवर जसाच्या तसा चढवला की पातळी कित्येक सेंटिमीटरनी सरकते, ती यामुळे.

पुरवठाच रेफरन्स असेल तर आणखी एक गंमतशीर दिसणारी पण त्रासदायक गोष्ट घडते. जीएसएम मोडेम संदेश पाठवताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत प्रवाह ओढतो, पुरवठा तेवढा वेळ खाली येतो, माप लहान होतं आणि टाकीतलं पाणी वाढलेलं दिसतं. प्रत्येक संदेशासोबत टाकी थोडी भरते. हे ओळखायचं असेल तर मोडेम बंद ठेवून आणि चालू ठेवून घेतलेले आकडे शेजारी-शेजारी मांडावेत. दुसरा कुठलाही तपास इतक्या लवकर निकाल देत नाही.

इथे एक अपवाद सांगायला हवा. काही दाब-सेन्सर पाच व्होल्टवर चालतात आणि त्या पाचाच्या प्रमाणातच ०.५ ते ४.५ व्होल्ट देतात. अशा सेन्सरला पुरवठाच रेफरन्स म्हणून द्यावा. पुरवठा दोन टक्के घसरला तर सेन्सरचं व्होल्टेज आणि माप दोन्ही दोन टक्क्यांनी घसरतात, भागाकारात चूक नाहीशी होते. उष्णता मोजणाऱ्या थर्मिस्टरलाही हेच लागू. पण ४-२० मिलिअँपिअरच्या प्रवाहाचा आपल्या पेटीतल्या पुरवठ्याशी काहीही संबंध नाही. त्याला स्वतंत्र, स्थिर रेफरन्सच लागतो.

स्थिर म्हणजे किती? इथे पत्र्याच्या पेटीचा विचार करावा लागतो. मुरबाडातल्या टोकावडे-धसईच्या पट्ट्यात मेच्या दुपारी उन्हातली पेटी आतून ५५ अंशांपर्यंत तापते असं धरू, आणि जानेवारीच्या पहाटे ती १५ अंशांवर असेल. फरक ४० अंशांचा. रेफरन्सच्या माहितीपत्रकात तापमानामुळे होणारा बदल ‘दर अंशाला दहा लाखात इतके भाग’ असा देतात. ५० भागांचा रेफरन्स ४० अंशांत ०.२ टक्के सरकतो, भरलेल्या टाकीत सुमारे ०.८५ सेंटिमीटर. १०० भागांचा असेल तर १.७ सेंटिमीटर, १० भागांचा असेल तर दोन मिलिमीटरहून कमी. सुरुवातीची चूक एकदा मोजून कार्यक्रमात दुरुस्त करता येते. तापमानाची चूक रोज नवी येते. म्हणून रेफरन्स निवडताना मी सुरुवातीच्या टक्केवारीपेक्षा या आकड्याकडे आधी पाहतो.

बाजारात सहज मिळणाऱ्यांत टीएल४३१ सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त वापरला जाणारा. तो २, १ आणि ०.५ टक्क्यांच्या श्रेणींत येतो. एलएम४०४० ची ‘ए’ श्रेणी ०.१ टक्क्याची, पण तापमानाला दर अंशी कमाल १०० भाग. एमसीपी१५२५ ची सुरुवातीची चूक एक टक्क्यापर्यंत, तापमानाला कमाल ५०. आरईएफ५०२५ च्या वरच्या श्रेणीत ०.०५ टक्के आणि कमाल ३ भाग, किंमतही त्याच मानाने. गावच्या टाकीला एमसीपी१५२५ आणि एकदाची दुरुस्ती पुरते. उद्भव विहिरीत दहा मीटरचा ट्रान्समीटर टाकला असेल तर त्याच प्रवाहाला सेंटिमीटरमधल्या सगळ्या चुका दुप्पट होतात, तिथे चांगला रेफरन्स घ्यावा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर खरेदीला गेलात तर श्रेणीचं अक्षर तपासून घ्या. एकाच नावाच्या चिपच्या दोन श्रेणींत जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि बिलावर बहुधा नुसतं नाव लिहितात.

रेफरन्सइतकंच महत्त्वाचं दुसरं माप आपल्या समोरच आहे आणि त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही: तो १२० ओहमचा रेझिस्टर. प्रवाहाचं व्होल्टेज करणारा तोच. पाच टक्क्यांचा कार्बनचा रेझिस्टर लावून अर्ध्या टक्क्याचा रेफरन्स लावणं म्हणजे पैसे वाया घालवणं. मेटल फिल्मचा, ०.१ टक्क्याचा, दर अंशाला २५ भागांचा घ्यावा. २० मिलिअँपिअरला त्यात जेमतेम ०.०५ वॉट उष्णता तयार होते, त्यामुळे पाव वॉटचा निवांत चालतो.

रेफरन्सच्या पिनेजवळ कपॅसिटर का लागतो, हेही समजून घेऊ. प्रत्येक वजन टाकताना-काढताना एडीसी रेफरन्सकडून विजेचा छोटा घोट घेतो. तो घोट लांबून यायला लागला तर तेवढ्या क्षणी माप हलतं. पिनेला चिकटून ठेवलेला कपॅसिटर तो घोट जागेवरच पुरवतो. मात्र ‘मोठा तितका चांगला’ असं इथे चालत नाही. टीएल४३१ काही विशिष्ट किमतींच्या कपॅसिटरसोबत स्वतःच थरथरू लागतो. माहितीपत्रकातल्या आलेखात हा धोक्याचा पट्टा रेखाटलेला असतो. एलएम४०४० ला असा त्रास नाही. जो रेफरन्स घ्याल त्याच्या माहितीपत्रकातला कपॅसिटरबद्दलचा परिच्छेद वाचल्याशिवाय सोल्डरिंग आयर्न तापवू नका.

परतीची वाटही माप बिघडवते. सर्किट बोर्डावरची एक सेंटिमीटर लांब आणि एक मिलिमीटर रुंद तांब्याची पट्टी सुमारे पाच मिलिओहमची असते. त्या पट्टीतून मोडेमचे दोन अँपिअर परत जात असतील आणि १२० ओहमचा खालचा पाय तिथेच जोडला असेल, तर दहा मिलिव्होल्टची भर पडते, टाकीत अडीच सेंटिमीटरहून जास्त. मोडेम, रिले आणि एडीसी यांच्या परतीच्या वाटा वेगळ्या ठेवाव्यात आणि पुरवठ्याजवळ एकाच ठिकाणी जोडाव्यात. यासाठी एक रुपयाही लागत नाही, फक्त बोर्ड आखताना विचार करावा लागतो.

आता दाराकडे वळू. टाकीपासूनची केबल बहुतेक ठिकाणी पंपाच्या थ्री फेज तारेला समांतर येते, कारण चर एकच खोदलेला असतो. मोटर चालू झाली की त्या केबलमध्ये ५० हर्ट्झची लहर शिरते. समजा तिची उंची ३० मिलिव्होल्ट आहे, म्हणजे वर-खाली सुमारे आठ-आठ सेंटिमीटर. आणि आपण सेकंदाला एकच वाचन घेतो. देशाच्या वीजजाळ्याची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवायची असते. ती नेमकी ५० क्वचितच असते. ती ४९.९५ असताना सेकंदाला एक वाचन घेतलं, तर प्रत्येक वाचन लहरीच्या किंचित वेगळ्या जागी पडतं आणि वीस सेकंदांची एक संथ लाट कागदावर उमटते. पाणी दर वीस सेकंदांनी आठ सेंटिमीटर चढतंय आणि तितकंच उतरतंय, असा आलेख. टाकीत असं काहीही घडत नसतं. या खोट्या लाटेला अलायसिंग म्हणतात. सर्वांत वाईट गोष्ट ही की एकदा ती आकड्यांत उतरली की खरी आणि खोटी लाट वेगळी करता येत नाही. तिला वाचनाच्या आधीच अडवावं लागतं.

अडवण्याचं साधन अगदी साधं: एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर. १२० ओहमवरचं व्होल्टेज एक किलोओहममधून न्यायचं आणि एडीसीच्या पिनेवर दहा मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जमिनीकडे लावायचा. हा फिल्टर १६ हर्ट्झच्या आसपास कापायला सुरुवात करतो. पाण्याची पातळी मिनिटागणिक बदलते, तिला यातून काहीच अडथळा नाही. पण ५० हर्ट्झची लहर यातून जाऊन तीस टक्के उरतेच, आठचे अडीच सेंटिमीटर होतात. तेवढ्याने भागत नाही.

सहज सुचणारा उपाय म्हणजे रेझिस्टर दहापट मोठा करणं. दहा किलोओहमने ५० हर्ट्झ तिसाव्या हिश्श्यावर येतो खरा, पण दुसरीकडे दार उघडतं. एडीसीच्या पिनेतून गळणारा प्रवाह एटीमेगा३२८ मध्ये एक मायक्रोअँपिअरपर्यंत असू शकतो. दहा किलोओहममधून एक मायक्रोअँपिअर म्हणजे दहा मिलिव्होल्ट, पुन्हा तेच अडीच सेंटिमीटर, आणि गळती तापमानासोबत वाढते. एक किलोओहमला हीच चूक अडीच मिलिमीटरवर राहते. म्हणून एक किलोओहमच ठेवावा आणि ५० हर्ट्झचं काम कार्यक्रमाकडे सोपवावं: सेकंदाला हजार वाचनं घ्यायची आणि पूर्ण एका सेकंदाची सरासरी काढायची. एका सेकंदात लहरीची पन्नास पूर्ण आवर्तनं होतात, वरचा भाग खालच्या भागाला खाऊन टाकतो. वारंवारता ४९.९० पर्यंत घसरली तरी लहरीचा सुमारे पाचशेवा हिस्साच उरतो.

मग सरासरीच सगळं करत असेल तर फिल्टर हवाच कशाला? याचं उत्तर सौर पंपांत आहे. पीएम-कुसुम आणि राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेनंतर सौर पंप वाढू लागले. थ्री फेज मोटर चालवणारे त्यांचे ड्राइव्ह काही किलोहर्ट्झच्या गतीने वीज तोडत-जोडत असतात. समजा चार किलोहर्ट्झ. आपण सेकंदाला हजार वाचनं घेतो आणि चार हजार ही हजाराची नेमकी पट. प्रत्येक वाचन लहरीच्या एकाच जागी पडतं, सरासरी काढली तरी ती चूक जशीच्या तशी राहते, आणि टाकी स्थिरपणे चुकीची दिसते. आपला एक किलोओहम-दहा मायक्रोफॅरडचा फिल्टर मात्र चार किलोहर्ट्झला अडीचशेव्या हिश्श्यावर आणतो. कामाची वाटणी अशी आहे: वेगवान गोंधळ कपॅसिटरने अडवायचा, ५० हर्ट्झ सरासरीने. दोघांपैकी एकाला सुट्टी देता येत नाही.

दहा मायक्रोफॅरडसाठी सिरॅमिक एक्स७आर जातीचा, २५ व्होल्टचा कपॅसिटर घ्यावा. इलेक्ट्रोलिटिकची गळती उन्हाळ्यात वाढते. बॅटरी वाचवण्यासाठी ट्रान्समीटर मधूनमधून बंद ठेवत असाल, तर चालू केल्यावर फिल्टर बारा बिटपर्यंत स्थिरावायला सुमारे ९० मिलिसेकंद लागतात आणि ट्रान्समीटरला स्वतःला त्याहून बराच वेळ. घाईने घेतलेलं पहिलं वाचन नेहमी कमी येतं.

शेवटी संरक्षण. मेअखेरीला वळवाच्या पावसात आणि ऑक्टोबरात परतीच्या पावसात इथे विजा कडाडतात, आणि डोंगरावरच्या टाकीपासून आलेली लांब केबल ते सगळं पेटीत आणते. केबल जिथे पेटीत शिरते तिथेच गॅस डिस्चार्ज ट्यूब आणि टीव्हीएस डायोड लावावा, म्हणजे १२० ओहमच्या बाजूला. एक किलोओहमच्या पलीकडे, एडीसीच्या पिनेवर लावला तर त्याची गळतीही त्या एक किलोओहममधून जाऊन मापात शिरते; अलीकडे लावला तर तीच गळती १२० ओहमवर नगण्य ठरते. दुसरा धोका विजेहून साधा आणि जास्त नेहमीचा: उंदराने केबल कुरतडली, दोन तारा चिकटल्या आणि ट्रान्समीटरच्या पुरवठ्याचे २४ व्होल्ट थेट १२० ओहमवर आले. तो पावणेपाच वॉटहून जास्त तापतो, पाव वॉटचा क्षणात जळतो. मालिकेत एक आपोआप सावरणारा पॉलिफ्यूज बसवला की पेटी वाचते, आणि तोच एक किलोओहम एडीसीच्या पिनेत शिरणारा प्रवाह वीसेक मिलिअँपिअरच्या आत धरून ठेवतो. काही चिपना तेवढाही सोसत नाही, त्यांच्या पिनेला वेगळा क्लॅम्प डायोड लागतो. केबलची जाळी फक्त पेटीच्या टोकाला अर्थ करावी; दोन्ही टोकांना केली तर टाकीची आणि पंपघराची जमीन यांतला फरक जाळीतून वाहू लागतो.

काम पूर्ण झालं की टाकीवर चढून मोजपट्टीने पातळी घ्या. मोटर बंद असताना एकदा, चालू असताना एकदा, पहाटे एकदा आणि भर दुपारी एकदा, आणि मोडेम संदेश पाठवत असताना एकदा. पाचही वेळा मोबाइलवरचा आकडा मोजपट्टीशी एका सेंटिमीटरच्या आत जुळला, तरच ठेकेदाराच्या बिलावर सही करा.